मराठी संगीत नाटक

मराठी संगीत नाटक हा गद्य संवाद आणि पात्रांनी स्वतः गायिलेली पदे यांच्या संयोगातून कथानक पुढे नेणारा नाट्यप्रकार आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यातील आनंदोद्भव नाट्यगृहात बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'संगीत शाकुंतल' या नाटकाच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. या प्रकाराचा प्रारंभ सामान्यतः त्या प्रयोगापासून मानला जातो. पुढील सुमारे पन्नास वर्षे मराठी रंगभूमीवर संगीत नाटकाचे वर्चस्व होते. हिंदुस्थानी रागसंगीत दरबार आणि खासगी बैठकी यांच्याबाहेर सामान्य मराठी श्रोत्यांपर्यंत पोहोचले, त्यात या नाटकांचा वाटा मोठा आहे. नाटकातील पदे आणि त्यांची गायनशैली यांना 'नाट्यसंगीत' म्हणतात. आज मैफलींमध्ये तो स्वतंत्र गानप्रकार म्हणून गायला जातो.

गाणे नाटकासाठी की नाटक गाण्यासाठी, हा प्रश्न या प्रकाराच्या संपूर्ण इतिहासात पुन्हा पुन्हा उपस्थित झाला. प्रत्येक पिढीने त्याचे वेगळे उत्तर दिले.

स्वरूप

संगीत नाटकाचा आरंभ नांदीने होतो. त्यानंतर सूत्रधार आणि नटी यांच्या प्रवेशातून नाटकाची प्रस्तावना होते. ही रचना संस्कृत नाटकावरून घेतलेली आहे. पुढे गद्य संवाद चालू असताना भावनेच्या किंवा निर्णयाच्या क्षणी पात्र पद गाते. पद संपले की संवाद पुन्हा गद्यात सुरू होतो.

आरंभीच्या नाटकांतील पदांची वृत्ते आणि चाली मराठी श्रोत्यांच्या परिचयाच्या होत्या. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत, ओवी यांसारखे छंद त्यांत मुबलक आढळतात. कीर्तनातील पदे, लावण्या, स्त्रीगीते आणि कानडी गाणी यांच्या चालींवरही शब्द रचले जात. बहुतेक वेळा चाल आधीपासून उपलब्ध असे आणि कवी तिच्या मापाने शब्द बसवीत असे. म्हणून जुन्या नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या वर चाल, राग आणि ताल यांचा निर्देश केलेला दिसतो.

पूर्वपीठिका

मराठी नाटकात गायन किर्लोस्करांच्या आधीपासून होते. १८४३ साली सांगली येथे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' हा खेळ सादर केला. भावे यांच्या पौराणिक नाटकांत पदे प्रामुख्याने सूत्रधार गात असे. पात्रे त्या पदांना अनुसरून हालचाली करीत आणि आपले भाषण ऐनवेळी रचून बोलत. गाणारा आणि भोगणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी शिक्षण घेतलेल्या लेखकांनी लिखित संवादांची गद्य नाटके रचली. वि. ज. कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' (१८६१) हे त्यांतील आरंभीचे महत्त्वाचे नाटक होय. अशा नाटकांना 'बुकिश' नाटके म्हणत. एका बाजूला गाणे होते, पण लेखी संहिता नव्हती. दुसऱ्या बाजूला संहिता होती, पण गाणे नव्हते. याच काळात पारशी नाटक मंडळ्या आपले गायनप्रधान खेळ घेऊन गावोगाव फिरत आणि त्यांच्या संदर्भात 'ऑपेरा' हा शब्दही वापरात आला होता. मुंबईत सोकर बापूजी त्रिलोकेकर यांनी १८७९ मध्ये 'नलदमयंती' हे संगीत नाटक सादर केले होते. मात्र या प्रकाराला स्थिर रूप आणि सातत्य मिळाले ते किर्लोस्करांमुळे.

किर्लोस्कर आणि पुण्यातील प्रारंभ

अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–१८८५) यांचा जन्म सध्याच्या कर्नाटकातील गुर्लहोसूर येथे झाला. मराठीबरोबर कानडी गाणीही त्यांच्या कानावर लहानपणापासून होती. पुण्यात सरकारी नोकरीत असताना त्यांनी पारशी मंडळीचा एक संगीतप्रधान खेळ पाहिला. असे नाटक मराठीत का होऊ नये, या विचाराने त्यांनी कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतल' या नाटकाचे मराठी रूपांतर हाती घेतले, असे सांगितले जाते.

किर्लोस्करांनी केलेला मूलभूत बदल असा, की सूत्रधाराच्या तोंडची पदे त्यांनी पात्रांच्या तोंडी दिली आणि पात्रांचे गद्य भाषण लिहून निश्चित केले. शकुंतलेचे दुःख शकुंतलाच गाऊ लागली. 'शाकुंतला'त सुमारे दोनशे पदे होती. पहिल्या प्रयोगात मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर आणि शंकरराव मुजुमदार यांच्या प्रमुख भूमिका होत्या.

१८८२ साली किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र' पुण्यातच रंगभूमीवर आले. अर्जुन आणि सुभद्रा यांच्या विवाहाची महाभारतातील कथा त्यांनी एखाद्या मराठी घरातील लग्नाच्या पेचासारखी रंगविली. सुभद्रेचा विवाह दुर्योधनाशी करण्याचा बलरामाचा आग्रह, अर्जुनाचा संन्याशाचा वेष आणि कृष्णाचे गोड कारस्थान यांमुळे शंभराहून अधिक पदे असूनही कथानक कोठे थांबत नाही. सुभद्रेच्या भूमिकेतील भाऊराव कोल्हटकर यांच्या गाण्याने नाटकाला अफाट लोकप्रियता मिळाली. 'सौभद्रा'चे प्रयोग आजही होतात. किर्लोस्करांचे तिसरे नाटक 'रामराज्यवियोग' त्यांच्या मृत्यूमुळे अपूर्ण राहिले.

देवल आणि कोल्हटकर

गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) हे किर्लोस्करांचे शिष्य. शूद्रकाच्या संस्कृत नाटकावरून त्यांनी 'मृच्छकटिक' रचले. १८९९ साली रंगभूमीवर आलेले 'संगीत शारदा' हे त्यांचे स्वतंत्र नाटक या प्रकाराच्या विकासातील पुढचा टप्पा ठरले. पुराणातील राजे-राण्या सोडून संगीत नाटक येथे समकालीन ब्राह्मणी घरात शिरले. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली मुलगी शारदा वृद्ध भुजंगनाथाला द्यावयास निघतो, हा त्याचा विषय आहे. जरठ-बालाविवाहाविरुद्ध लेख आणि व्याख्याने होतच होती. पण मुलीची बाजू तिच्याच तोंडून, सोप्या शब्दांत आणि घरगुती चालींत हजारो प्रेक्षकांनी ऐकली ती या नाटकात. पद हे केवळ रंजनाचे साधन नसून युक्तिवादही करू शकते, हे 'शारदे'ने दाखविले. देवलांच्या 'संशयकल्लोळ'मध्ये मुळात पदे नव्हती. ते आधी 'फाल्गुनराव' या नावाने गद्यरूपात आले आणि १९१६ साली संगीतरूप पावले.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांनी 'वीरतनय' (१८९६) आणि 'मूकनायक' (१९०१) या नाटकांत पारशी-गुजराती रंगभूमीवरील चाली आणल्या. चालींतील नवेपणा श्रोत्यांना आवडला. मात्र त्या चालींत शब्द बसविताना पदांची भाषा क्लिष्ट झाली, अशी टीकाही झाली.

बालगंधर्व आणि रागसंगीताचे युग

नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) यांना लोकमान्य टिळकांनी 'बालगंधर्व' म्हणून गौरविले, अशी प्रसिद्धी आहे. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'मानापमान' १९११ मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा गोविंदराव टेंबे यांनी त्याच्या चाली दिल्या. नाटकाच्या सर्व पदांच्या चाली एका संगीतज्ञाने विचारपूर्वक योजण्याची प्रथा येथून दृढ झाली. टेंबे यांनी ठुमरी, दादरा, कजरी या पूरब अंगाच्या गानप्रकारांचा मुक्तपणे उपयोग केला. पदांची संख्या कमी होऊन पन्नासच्या आसपास आली. परंतु प्रत्येक पदाचा विस्तार वाढला.

१९१३ साली बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. खाडिलकरांच्या 'स्वयंवर' (१९१६) या नाटकाला भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांनी संगीत दिले. बखले यांनी ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही परंपरांची तालीम घेतली होती. ख्यालाच्या बंदिशींवर त्यांनी मराठी पदे बसविली आणि रुक्मिणीच्या भूमिकेतील बालगंधर्वांनी ती गायिली. ज्यांनी कधी शास्त्रोक्त मैफल ऐकली नव्हती असे शिक्षक, कारकून, व्यापारी आणि विद्यार्थी भीमपलास, यमन, भूप हे राग पदांच्या आधाराने ओळखू लागले.

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' लेखकाच्या मृत्यूनंतर १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातील पदे वि. सी. गुर्जर यांनी रचली. मद्यपी सुधाकराची पत्नी सिंधू ही भूमिका बालगंधर्वांनी केली. भरजरी शालूंसाठी प्रसिद्ध असलेला हा नट फाटक्या वस्त्रांत रंगमंचावर आला आणि त्याच्या गाण्यातील संयमानेच प्रेक्षक हेलावले. गायन भूमिकेच्या आड येत नाही, उलट ती भूमिका घडवू शकते, याचे उदाहरण म्हणून सिंधूचा उल्लेख केला जातो.

बालगंधर्वांचे समकालीन केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांनी १९०८ साली ललितकलादर्श मंडळी स्थापन केली. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेला 'संयुक्त मानापमान' हा प्रयोग विशेष गाजला. त्यात केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी झाले होते. त्यानंतर तीन महिन्यांतच केशवरावांचे निधन झाले. दीनानाथ मंगेशकर (१९००–१९४२) यांनी बलवंत संगीत मंडळीतर्फे 'रणदुंदुभी' आणि 'संन्यस्त खड्ग' यांसारख्या नाटकांत अत्यंत चपळ आणि आक्रमक अशी स्वतंत्र गायनशैली रूढ केली.

स्त्रीभूमिका आणि स्त्री कलावंत

आरंभीच्या संगीत नाटकांत स्त्रियांची कामे पुरुषच करीत. कुलीन स्त्रीने रंगमंचावर उभे राहणे समाजाला मान्य नव्हते. भाऊराव कोल्हटकर आणि बालगंधर्व यांनी स्त्रीभूमिकेचा एक आदर्शच निर्माण केला. बालगंधर्वांची केशरचना आणि वस्त्रे यांचे अनुकरण पांढरपेशा घरांतील स्त्रिया करीत. पुरुषाने उभी केलेली स्त्री-प्रतिमा खऱ्या स्त्रियांपुढे नमुना म्हणून आली, ही त्या काळाची विसंगती होती.

हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस स्वतःची नाटक मंडळी काढून स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच कराव्यात हा पायंडा पाडला. १९४२ साली मो. ग. रांगणेकर यांच्या 'कुलवधू' नाटकात ज्योत्स्ना भोळे यांनी गायिका-अभिनेत्री म्हणून मिळविलेले यश हा या बदलाचा पुढचा टप्पा होय.

साथसंगत

आरंभी तंबोरा, सारंगी आणि तबला किंवा मृदंग ही साथीची वाद्ये होती. पुढे हार्मोनियम आणि त्यानंतर पायाने भाता चालवावयाचा ऑर्गन आला. ऑर्गनचा भरदार, अखंड स्वर मोठ्या नाट्यगृहात गायकाला आधार देई. ध्वनिवर्धक नसलेल्या त्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचविणे हीच गायक नटाची पहिली कसोटी असे. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष होते. नाटकाच्या साथीला प्रथम श्रेणीचे शास्त्रीय वादक असणे, यावरून गायनाला आलेले महत्त्व ध्यानात येते.

युरोपीय ऑपेराशी तुलना

संगीत नाटकाला अनेकदा 'मराठी ऑपेरा' म्हटले जाते. ही तुलना काही मर्यादेपर्यंतच योग्य आहे. अठराव्या शतकातील इटालियन गंभीर ऑपेरात संवादही स्वरांत म्हटले जात आणि भावनेच्या क्षणी विस्तृत गीत येई. मराठी संगीत नाटकात संवाद गद्यच असतात. त्या दृष्टीने जर्मन भाषेतील 'झिंगश्पील' हा बोलके संवाद आणि गीते असलेला प्रकार त्याला अधिक जवळचा आहे. मोझार्टचे 'जादूची बासरी' (१७९१) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण.

दोन्ही परंपरांत मूलभूत भेदही आहे. ऑपेरात रचनाकार प्रत्येक स्वर लिहून ठेवतो आणि वाद्यवृंदाची स्वरसंवादी रचना हा संगीताचा अविभाज्य भाग असतो. नाट्यपदात चाल आणि राग ठरलेले असले तरी आलाप, ताना आणि पुनरावृत्ती गायक त्या त्या रात्री घडवितो.

तरीही दोन्हीकडे उद्भवलेला वाद आश्चर्यकारकरीत्या सारखा आहे. इटालियन ऑपेरात गायक गीताचा पहिला भाग पुन्हा म्हणताना स्वतःचे अलंकार घालीत आणि कथानक थांबून राही. क्रिस्टोफ ग्लुक याने 'ऑर्फेओ' (१७६२) पासून या प्रथेला आळा घातला आणि 'आल्चेस्ते'च्या १७६९ साली छापलेल्या प्रस्तावनेत संगीताने काव्याची व प्रसंगाची सेवा करावी, ही भूमिका मांडली. मराठी रंगभूमीवर 'वन्स मोअर'च्या आरोळ्यांनी एकच पद पुन्हा पुन्हा गायिले जाई आणि प्रयोग पहाटेपर्यंत लांबे. रणांगणावर निघालेला नायक किंवा मूर्च्छित होऊ घातलेली नायिका तानांत रमली, की प्रेक्षक नाटक विसरून मैफल ऐकू लागत.

ओहोटी

१९३०नंतर संगीत नाटकाला उतरती कळा लागली. त्याची कारणे अनेक होती. १९३२ साली प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला आणि स्वस्त तिकिटात गाणे, अभिनय व नेपथ्य एकत्र मिळू लागले. मोठा परिवार, किमती पडदे आणि सततचा प्रवास यांमुळे नाटक मंडळ्यांचा खर्च अवाढव्य होता. गंधर्व मंडळीसारखी लोकप्रिय संस्थाही कर्जात बुडाली. १९३३ साली पुण्यात आलेल्या प्रभातच्या 'धर्मात्मा' (१९३५) या चित्रपटात बालगंधर्वांनी संत एकनाथांची भूमिका केली. परंतु पडद्यावर त्यांचे मन रमले नाही.

आर्थिक कारणांच्या जोडीला कलात्मक कारणही होते. नाट्यमन्वंतर या संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' (१९३३) या नाटकाने वास्तववादी अभिनय, आटोपशीर कालावधी आणि मोजकी गाणी यांचा नवा आदर्श पुढे ठेवला. त्याच्याशी तुलना करता, पदांसाठी प्रसंग ताणणारी जुनी नाटके शिळी वाटू लागली.

पुनरुज्जीवन

१९६०च्या दशकात संगीत नाटकाला दुसरा बहर आला. विद्याधर गोखले यांच्या 'पंडितराज जगन्नाथ' (१९६०), 'सुवर्णतुला' (१९६०) आणि 'मंदारमाला' (१९६३) या नाटकांनी पारंपरिक ढंग नव्याने लोकप्रिय केला. वसंत कानेटकर यांच्या 'मत्स्यगंधा' (१९६४) या नाटकाला जितेंद्र अभिषेकी यांनी दिलेले संगीत निर्णायक ठरले. त्यांनी पदे थोडी आणि आटोपशीर ठेवली आणि चाल शब्दांच्या भावावरून बांधली.

पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) या नाटकात दोन गायन घराण्यांतील वैर हाच विषय होता. खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे होते. येथे गायन हीच नाट्यकृती असल्याने गाणे कथानक थांबविते हा जुना आक्षेप उरला नाही. २०१५ साली या नाटकावर आधारित चित्रपट निघाला.

पुणे शहर आणि संगीत नाटक

'शाकुंतल' आणि 'सौभद्र' यांचे पहिले प्रयोग पुण्यात झाले. भास्करबुवा बखले यांनी १९११ साली स्थापन केलेल्या भारत गायन समाजामुळे रंगभूमी आणि शास्त्रीय संगीताचे शिक्षण यांचा शहरात निकटचा संबंध जुळला. त्यांचे शिष्य मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी रंगभूमी आणि चित्रपट या दोन्ही क्षेत्रांत संगीत दिले. १९५३पासून पुण्यात भरणारा संगीत महोत्सव ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते सवाई गंधर्व (रामभाऊ कुंदगोळकर) हेही मूळचे गायक नट होते.

भरत नाट्य संशोधन मंदिर या १८९४ साली स्थापन झालेल्या संस्थेने जुन्या संगीत नाटकांचे प्रयोग सातत्याने केले. जयराम आणि जयमाला शिलेदार यांनी १९४९ साली सुरू केलेल्या 'मराठी रंगभूमी' या संस्थेने ही परंपरा प्रतिकूल काळात जगविली. त्यांची कन्या कीर्ती शिलेदार (१९५२–२०२२) यांनी ती पुढे चालविली. जंगली महाराज रस्त्यावरील बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसविण्यात आली. वास्तूचे उद्घाटन मात्र त्यांच्या निधनानंतर, २६ जून १९६८ रोजी म्हणजे त्यांच्या जन्मदिनी झाले.

पुण्यातच संगीताच्या नाट्यगत उपयोगाचे वेगळे प्रयोगही झाले. विजय तेंडुलकर यांचे 'घाशीराम कोतवाल' (१९७२) हे नाटक भास्कर चंदावरकर यांच्या संगीतासह येथे प्रथम सादर झाले. पु. ल. देशपांडे यांनी बर्टोल्ट ब्रेख्तच्या 'थ्री पेनी ऑपेरा'चे केलेले 'तीन पैशाचा तमाशा' (१९७८) हे रूपांतर थिएटर ॲकॅडमीने रंगभूमीवर आणले. ही रूढ अर्थाने संगीत नाटके नाहीत; परंतु गाण्याशिवाय त्यांची कल्पना करता येत नाही.

मूल्यमापन

संगीत नाटकाने मराठी समाजाला दोन गोष्टी दिल्या. तिकीट काढून येणाऱ्या कोणाही व्यक्तीला रागसंगीत ऐकण्याची सोय झाली आणि पदांच्या रूपाने मराठी काव्य घरोघरी पोहोचले. त्याची उणीवही याच यशात होती. गायकाची लोकप्रियता वाढली तशी संहितेवरील लेखकाची पकड सैल झाली. आज अनेक नाट्यपदे मैफलीत जिवंत आहेत, परंतु ती ज्या नाटकांतील आहेत त्यांचे कथानक श्रोत्यांना ठाऊक नसते. 'सौभद्र', 'शारदा' आणि 'कट्यार काळजात घुसली' ही नाटके मात्र अजून रंगमंचावर टिकून आहेत. या तिन्ही नाटकांत गाणे काढून घेतले तर कथा अपुरी राहते, आणि कथा काढून घेतली तर गाण्याचा अर्थ उणावतो.